चूक कुणाची? पात्राची की लेखकाची?

दोस्तांनो, रहस्यपट बघावा तर घर भरलेलं असताना! पडद्यावर रात्रीचे बारा वाजलेले असतात. पडक्या वाड्यात खुनी लपलाय, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. आणि नायिका एक मिणमिणती बॅटरी घेऊन एकटीच वाड्याचं दार ढकलते. झालं! घरात गलका सुरू. आजी म्हणते, "आगं, कामून जातीय ही येडी तिकडं?" दादा म्हणतो, "पोलिसांना फोन करायचा सोडून निघाली शहाणी!" आणि ताई तर निकालच देऊन टाकते, "छे, ही गोष्टच चुकलीय. एवढी मूर्ख कुणी असतं का?"

थांबा. आजचा आपला प्रश्न इथेच आहे. आजीने नायिकेची चूक काढली. ताईने लेखकाची चूक काढली. या दोन चुका एकच आहेत का? गोष्टीतल्या माणसाने वेड्यासारखा निर्णय घेतला, म्हणजे गोष्टीला भोक पडलं, असं म्हणायचं का?

उत्तर देण्याआधी आपण एक गोष्ट तयार करू. सगळी मनाची आहे बरं का, खरी माणसं शोधू नका! आपल्या गोष्टीचा नायक गंगाखेडचा. नववीतला दिन्या. एका संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर तो बसलेला असताना एक माणूस दगडाच्या कपारीत गाठोडं लपवताना त्याला दिसतो. दुसऱ्या दिवशी गावभर बातमी : सराफाच्या दुकानात चोरी! दिन्या कुणालाच काही सांगत नाही. रात्री सगळे झोपल्यावर एकटाच घाटावर जातो, आणि नेमका चोराच्या तावडीत सापडतो.

आता याच गोष्टीत लेखकाने पुढे लिहिलं, "चोर पाच वाजता गंगाखेडहून एस.टी.त बसला आणि सव्वापाचला परभणीच्या रेल्वे स्टेशनवर उतरला." तुम्ही परभणी जिल्ह्यातले असाल तर पुस्तक खाली ठेवून हसाल. गंगाखेड ते परभणी साधारण चाळीस किलोमीटर. पंधरा मिनिटांत? एस.टी.ने? अहो, जगात जर्मनी आणि भारतात परभणी हे खरं, पण आपली लाल परी काही विमान नाही!

या दोन चुका शेजारी शेजारी ठेवून पाहा. दिन्या एकटा घाटावर गेला, ही दिन्याची चूक. चाळीस किलोमीटर पंधरा मिनिटांत संपले, ही लेखकाची चूक. पहिली चूक गोष्टीच्या आत घडते. तिची शिक्षा दिन्याला मिळते. दुसरी चूक गोष्टीच्या बाहेर, लेखकाच्या टेबलावर घडते. तिची शिक्षा आपल्याला, म्हणजे वाचकांना मिळते. कथानकातलं भोक म्हणतात ते या दुसऱ्या चुकीला.

आणि यात एक गंमत आहे. तेच वाक्य लेखकाने स्वतः न सांगता चोराच्या तोंडी घातलं तर? पोलिस विचारतात, "सव्वापाचला कुठे होतास?" चोर म्हणतो, "साहेब, पाचच्या गाडीने निघालो आणि सव्वापाचला परभणीत होतो." बघा, आता ते भोक राहिलंच नाही. तो झाला पुरावा! कारण आता ती थाप चोराची आहे, आणि हुशार वाचक ती तिथल्या तिथे पकडणार. म्हणजे गोष्टीत एखादी अशक्य बाब आली की पहिला प्रश्न हा विचारायचा, "हे कोण म्हणतंय?"

आता मोठ्या लेखकांकडे जाऊ. शेरलॉक होम्सचं नाव तुम्हाला माहीत आहेच. त्याचे लेखक सर आर्थर कॉनन डॉयल. होम्सच्या गोष्टींत दोन्ही प्रकारच्या चुका सापडतात, म्हणून आपल्याला त्या फार सोयीच्या.

होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन अफगाणिस्तानच्या लढाईत जखमी झालेला. १८८७ साली आलेल्या पहिल्या कादंबरीत त्याला गोळी लागली ती खांद्याला. १८९० सालच्या दुसऱ्या कादंबरीत मात्र तो पायाची जखम चोळत बसतो! गोळी खांद्यातून पायात कशी उतरली? वॉटसनला विचारून उपयोग नाही. ही चूक त्याची नाहीच. डॉयलसाहेब पहिल्या पुस्तकात काय लिहिलं होतं ते विसरले, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक पाहा. १८९२ च्या एका गोष्टीत (नाव मुद्दाम सांगत नाही, तुमचं रहस्य फुटायला नको) एक विषारी साप आहे. त्याचा मालक त्याला बशीतून दूध पाजतो आणि शीळ वाजवून परत बोलावतो. नागपंचमीला दर वर्षी सर्पमित्र आपल्याला सांगतात, की दूध हे सापाचं अन्न नव्हे. सापाला बाहेरचे कानही नसतात. जमिनीची थरथर आणि काही खालच्या पट्टीतले आवाज त्याला जाणवतात, पण शीळ ऐकून कुत्र्यासारखा परत येणारा साप कुणी पाहिलेला नाही. गोष्ट आपल्या जगातली म्हणवते, आणि आपल्या जगाचे नियम मोडते. म्हणजे ही चूकही लेखकाची. तरीही ती गोष्ट आज सव्वाशेहून जास्त वर्षं लोक श्वास रोखून वाचताहेत, हे विसरू नका. भोक असलेली गोष्ट टाकाऊच असते, असं मुळीच नाही.

आता होम्सची स्वतःची चूक. १८९१ सालच्या एका गोष्टीत आयरीन अ‍ॅडलर नावाच्या बाईंनी एक फोटो लपवून ठेवलेला असतो. होम्स वेश पालटून त्यांच्या घरात शिरतो आणि फोटोची जागा शोधून काढतो. पण तो लगेच उचलत नाही. उद्या सकाळी येऊ, असं ठरवतो. घरी परतताना रस्त्यावर एक तरुण त्याचं नाव घेऊन त्याला 'शुभ रात्री' म्हणतो. होम्सला वाटतं, हा आवाज कुठे तरी ऐकलाय. आणि तो तसाच दार उघडून घरात जातो! सकाळी पाहतो तर बाई फोटोसह पसार. रात्रीचा तो 'तरुण' म्हणजे आयरीन अ‍ॅडलरच होती.

जगातला सगळ्यात हुशार हेर, आणि ओळखीचा आवाज ऐकूनही मागे वळून पाहत नाही! मग ही गोष्ट फसली का? उलट, ती रंगली ती याच चुकीमुळे. होम्सला आपल्या बुद्धीचा अभिमान होता. बाईमाणूस आपल्याला काय फसवणार, असंही त्याला वाटत होतं. हा त्याचा स्वभाव लेखकाने आधीच दाखवून ठेवला होता. चूक त्या स्वभावातून आली. तिथे खड्डा आधीपासूनच होता, होम्स फक्त त्यात पडला.

आता तुम्ही म्हणाल, ही विलायती उदाहरणं झाली. मग आपल्या घरचंच घेऊ. महाभारत!

धर्मराज युधिष्ठिर म्हणजे शहाणपणाचा पुतळा. हा माणूस द्यूत खेळायला बसतो. राज्य घालवतो, भावांना पणाला लावतो, स्वतःला लावतो, द्रौपदीला लावतो. धृतराष्ट्र घाबरून सगळं परत देतो. पांडव सुटतात, वाटेला लागतात. आणि पुन्हा बोलावणं आल्यावर धर्मराज पुन्हा खेळायला परत येतो! आपली आजी तिथे असती तर तिनेही विचारलं असतं, "आता पुन्यांदा कामून चाललास, बाबा?"

पण व्यासांनी तयारी आधीच करून ठेवली आहे. शकुनी दुर्योधनाला स्पष्ट सांगतो, की युधिष्ठिराला द्यूताची हौस फार, पण खेळता येत नाही. शिवाय आव्हान आलं की पाठ फिरवायची नाही, असा क्षत्रियाचा बाणा. त्यात चुलत्याची आज्ञा. हौस, बाणा आणि आज्ञा, या तीन दोऱ्यांनी धर्मराजाला आधीच बांधून टाकलंय. त्याचा निर्णय वाईट आहे, भयंकर वाईट आहे. पण आपण असं म्हणत नाही की व्यासांना गोष्ट जमली नाही. आपण म्हणतो, "अरेरे, एवढा शहाणा माणूस, आणि तरी!" हा 'आणि तरी' ज्या गोष्टीत आपल्या तोंडून निघतो, ती गोष्ट जमली असं खुशाल समजा.

मग ओळखायचं कसं? वाईट निर्णय दिसला की लगेच लेखकाला झोडपू नका. आधी चार प्रश्न विचारा. वहीत लिहून घ्या हवं तर.

पहिला प्रश्न : त्या माणसाला त्या वेळी काय माहीत होतं?

रहस्यपटांचे बादशहा आल्फ्रेड हिचकॉक एक उदाहरण देत असत. टेबलाभोवती माणसं गप्पा मारताहेत आणि टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकांना बॉम्ब दाखवलाय, त्या माणसांना तो माहीत नाही. मग त्यांच्या साध्या गप्पांनीसुद्धा आपला जीव वरखाली होतो. उठा ना, पळा ना, असं होतं. पण ती माणसं मूर्ख नाहीत हो! कॅमेऱ्याने जे आपल्याला दाखवलं, ते त्यांना दाखवलेलंच नाही. वाड्यात शिरणाऱ्या त्या नायिकेला तरी आत खुनी आहे हे कुठे ठाऊक होतं? मागे वाजणारं ते धडधडणारं संगीतसुद्धा तिला ऐकू येत नाही!

दुसरा प्रश्न : त्या वेळी त्याच्या मनाची अवस्था काय होती?

आपण गादीवर लोळत, चिवडा खात विचार करतो. पडद्यावरचा माणूस घाबरलेला असतो. भीती वाटली की काळीज धडधडतं, श्वास जोरात चालतो आणि लक्ष एकाच गोष्टीवर खिळून जातं. मानसशास्त्रज्ञांनी याचा पुष्कळ अभ्यास केलाय. हल्लेखोराच्या हातात सुरा असला, तर पाहणाऱ्याचं लक्ष सुऱ्यावरच राहतं आणि त्याचा चेहरा पुढे नीट आठवत नाही. असा साक्षीदार गोष्टीत आला तर तो लेखकाचा आळस समजू नका. माणूस असाच असतो. राग, हाव, प्रेम, अभिमान हेही भीतीचेच भाऊबंद. त्यांच्या तावडीत सापडलेला माणूस हिशेब चुकतोच.

तिसरा प्रश्न : दुसरा, चांगला रस्ता होता का? आणि असला तर तो बंद का होता?

निशिकांत कामत या मराठी दिग्दर्शकाने २०१५ साली 'दृश्यम' हा हिंदी चित्रपट केला. मूळ मल्याळी चित्रपट २०१३ चा. तुमच्यापैकी पुष्कळांनी घरच्यांबरोबर तो पाहिला असेल. गोव्यातल्या एका छोट्या गावातलं साळगावकरांचं साधं घर. बाप केबलचा धंदा करणारा, चौथी नापास, सिनेमे पाहून पाहून शहाणा झालेला. या घरावर एक भयंकर संकट येतं, आणि बाप पोलिसांकडे न जाता सगळं लपवायचं ठरवतो. ताई विचारणार, "सरळ पोलिसांत का नाही गेला?" पण आधी लेखकाने काय काय दाखवलंय ते आठवा. गावातला एक पोलिस माजोरडा आणि लाचखाऊ. याच्याशी त्याचं वाकडं. आणि ज्याच्यामुळे संकट आलं तो मुलगा पोलिसांतल्या बड्या अधिकारीबाईंचा. दार होतं, पण लेखकाने त्याला आधीच कुलूप घातलं होतं, आणि ते कुलूप आपल्याला दाखवलं होतं. लपवणं बरोबर की चूक, यावर घरात खुशाल भांडा. पण त्याला गोष्टीचं भोक म्हणता येणार नाही.

चौथा प्रश्न : चुकीची किंमत कुणी मोजली का?

माणूस चुकला आणि पुढच्या पानावर सगळं विसरून मजेत हिंडू लागला, तर समजा, लेखकाला ती चूक फक्त गोष्ट पुढे ढकलायला हवी होती. चांगल्या गोष्टीत चूक पाठ सोडत नाही. धर्मराजाच्या द्यूताची किंमत तेरा वर्षांच्या वनवास-अज्ञातवासापासून थेट कुरुक्षेत्रापर्यंत मोजावी लागली!

आता लेखकांची बाजू खूप घेतली, जरा त्यांचे कानही पिरगाळू. प्रत्येक वाईट निर्णयामागे कारण असतंच असं नाही. कधी कधी लेखक आळशी असतो. रॉजर एबर्ट नावाचे एक प्रसिद्ध अमेरिकन चित्रपट-समीक्षक होते. ते अशा कथानकाला 'इडियट प्लॉट' म्हणत. त्याचा अर्थ असा, की ज्या गोष्टीतली सगळी माणसं मूर्ख आहेत म्हणूनच ती चालू राहते. एकानेही एक साधं वाक्य बोललं असतं, तर पाच मिनिटांत 'समाप्त'ची पाटी लागली असती!

चला, आपल्या दिन्याकडे परत जाऊ. समजा, त्याचा मामा गंगाखेडच्याच पोलिस ठाण्यात हवालदार आहे. मामा रोज संध्याकाळी घरी चहाला येतो, भाच्याचे लाड करतो. घरात दोन मोबाईल आहेत. आणि तरीही दिन्या मामाला काही न सांगता मध्यरात्री घाटावर जातो. का? लेखक गप्प. का, तर पुढच्या प्रकरणात मारामारी हवी आहे! हा झाला आळशी लेखक. इथे ताईने पुस्तक फेकलं तर मी तिला अडवणार नाही.

आता तीच गोष्ट जरा बदलू. तीन आठवड्यांपूर्वी दिन्याने पहाटे 'चोर, चोर' म्हणून गल्ली उठवली होती, आणि तो निघाला दूधवाला. सगळं गाव हसलं. वडिलांनी चारचौघांत कानाखाली वाजवली. आणि यावेळी घाटावर दिसलेला माणूस कोण? ज्यांच्याकडून दिन्याच्या वडिलांनी कर्ज घेतलंय, तेच बडे असामी! आता दिन्या मनात काय म्हणेल? "पुन्हा चुकलो तर? पक्कं बघितल्याशिवाय बोलायचंच नाही." आणि तो निघाला. निर्णय तोच. मूर्खपणाही तोच. पण आता आपण त्याच्यावर चिडत नाही, त्याच्यासाठी घाबरतो. दोन परिच्छेदांचं कारण घातल्यावर भोक बुजलं.

मराठीत रहस्यकथांचा हा बाजार एकेकाळी केवढा मोठा होता! बाबूराव अर्नाळकरांनी (खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६, निधन १९९६) एक हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड वाचण्यासाठी वाचनालयात नंबर लागत. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे तर तुमचा दोस्तच. हा फास्टर फेणे दर वेळी मोठ्यांना नीट न सांगता संकटात उडी घेतो. शहाणपणाच्या तराजूत तोललं तर त्याचे निम्मे निर्णय नापास! पण तो बन्या आहे म्हणून तसं करतो. चळवळ्या, कुणाचं वाईट झालेलं न बघवणारा. तो 'आधी घरी विचारून येतो' म्हणाला, तर वाचक म्हणतील, हा आपला बन्या नाहीच! म्हणजे बघा, कधी कधी शहाणा निर्णयसुद्धा गोष्टीत खोटा वाटतो.

इथवर गोष्टींबद्दल बोललो. आता एक खरी घटना. ही आपल्याच जिल्ह्यातली आहे, आणि हसण्यासारखी मुळीच नाही.

परभणीहून पाथरीच्या रस्त्यावर मानवत लागतं. कापसाची बाजारपेठ म्हणून ओळखलं जाणारं गाव. १९७२ ते १९७४ या काळात या गावात आणि आसपास एकामागून एक बायकांचे आणि लहान मुलींचे खून झाले. लोक अंधार पडायच्या आत दारं लावून घेऊ लागले. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी या नामांकित पोलिस अधिकाऱ्यांना पाठवावं लागलं. त्यांच्या पुस्तकावर २०२४ साली 'मानवत मर्डर्स' ही मालिकाही आली. ती मोठ्यांसाठी आहे, आणि त्या हकिगतीच्या तपशिलात आपण जाणार नाही. आपल्याला हवी आहे ती एकच गोष्ट. पुरलेलं गुप्तधन मिळावं म्हणून बळी द्यायचे, अशा अघोरी समजुतीची कहाणी त्या तपासातून पुढे आली.

आता विचार करा. हे सगळं एखाद्या लेखकाने मनाने लिहिलं असतं, तर आपली ताई काय म्हणाली असती? "छे! विसाव्या शतकात जमिनीतल्या हंड्यासाठी माणसं असं करतील? काहीतरीच!" तिने भोक म्हणून लाल पेन्सिलीने खूण केली असती. पण हे घडलं होतं. हाव आणि अंधश्रद्धा एकत्र आल्या की माणसाची अक्कल कुठवर घसरते, याचा तळ आपल्याला घरबसल्या दिसत नाही. अशा प्रथांविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ साली खास कायदा केला. त्यासाठी अनेक वर्षं झगडणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. 'एवढं मूर्ख कुणी असतं का?' या प्रश्नाचं उत्तर 'असतं' असं असू शकतं, म्हणून तर कायदा लागतो, शिक्षण लागतं आणि जागं राहावं लागतं.

आणि ही केवळ जुनी गोष्ट नाही. हल्ली 'डिजिटल अरेस्ट' नावाची फसवणूक चालते. फोन येतो, "मी पोलिस बोलतोय, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये बेकायदा माल सापडलाय. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही. कुणाला सांगायचं नाही. ताबडतोब पैसे भरा." डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतून निवृत्त झालेले लोक यात फसले आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये याबद्दल लोकांना सावध केलं. 'डिजिटल अरेस्ट' असं कायद्यात काही नाहीच. मग एवढी शिकलेली माणसं फसतात कशी? आपले प्रश्न लावून बघा. त्यांना त्या क्षणी काय माहीत होतं? फोनवरचा माणूस सांगेल तेवढंच. मनाची अवस्था? भीती आणि घाई. दुसरा रस्ता? 'कुणाला सांगू नका' असं म्हणून चोराने तोच बंद केला. चोरसुद्धा एक प्रकारचा लेखकच आहे बघा! तो समोरच्याचं दार आधी कुलूपबंद करतो, मग गोष्ट सुरू करतो.

म्हणून घरात कुणी असं फसलं तर "तुम्हाला एवढं कसं कळलं नाही?" असं म्हणून हसू नका. गादीवर लोळत, चिवडा खात विचारलेला प्रश्न आहे तो. आधी पाणी द्या, शेजारी बसा, आणि लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावा. हसण्याच्या भीतीने माणूस गप्प बसला, की चोराला हवा असतो तेवढा वेळ आयता मिळतो.

आई-बाबांनो, या आठवड्यात दोन शब्द तुमच्यासाठीही. दिन्या मध्यरात्री एकटा घाटावर का गेला, ते आठवतंय ना? चारचौघांत बसलेली ती चपराक हे लेखकासाठी उत्तम कारण ठरलं. मुलांच्या रहस्यकथांत पोरं मोठ्यांपासून लपवतात आणि वाचकांना ते पटतं. का पटतं, याचा कधी विचार केलाय? चूक सांगितल्यावर आधी बोलणी बसतात, हे प्रत्येक मुलाला अनुभवाने ठाऊक असतं. ज्या घरात आधी ऐकून घेतात, त्या घरातल्या दिन्याची रहस्यकथा पहिल्याच पानावर संपेल. लेखकाचं नुकसान होईल, होऊ द्या! पोर घरी सुखरूप झोपलेलं असेल.

आणि मुलांनो, घरी सांगायची खरंच सोय नसेल तर शाळेतल्या विश्वासाच्या बाईंना किंवा सरांना सांगा. तेही जमलं नाही तर मुलांसाठी १०९८ आणि कुठल्याही तातडीच्या संकटात ११२ हे क्रमांक पाठ असू द्या. गोष्टीतल्या नायकाने एकट्याने घाटावर जावं, ते शोभतं त्याला. त्याला वाचवायला लेखक बसलेला असतो. आपल्या मागे कुणी लेखक नाही.

आता या आठवड्याचा उद्योग. नुकतीच वाचलेली एखादी रहस्यकथा किंवा पाहिलेला रहस्यपट घ्या. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा पात्राच्या चुका, उजवीकडे लेखकाच्या. डावीकडच्या प्रत्येक चुकीसमोर आपले चार प्रश्न लावा. ज्या चुकीला एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, ती बाण काढून उजवीकडे सरकवा. मग उजवीकडच्या चुकांपैकी एक निवडा आणि दोन-चार वाक्यांत ती दुरुस्त करून दाखवा. चूक काढणं सोपं, पण भोक बुजवताना लेखकाचं काम किती अवघड असतं ते कळेल, आणि कदाचित तुमच्यातलाच एखादा उद्याचा अर्नाळकर सापडेल!

दिन्याची गोष्टही मी अर्धवटच सोडली आहे. तो चोराच्या तावडीत आहे, गोदावरीवर काळोख आहे, आणि मामा घरी चहाची वाट बघतोय. त्याला सोडवा. फक्त एक अट आहे : गंगाखेडहून परभणीला जायचं असेल, तर एस.टी.ला तिचा वेळ द्या!